गाण्याचं सोवळं

कॉलेजच्या दिवसांत ज्यांनी सह्याद्रीत एखादी रात्र उघड्यावर काढली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. चहा संपलेला, शेकोटी विझत आलेली, आणि गिटारवाला मित्र जॉन डेन्व्हरचं ते वेस्ट व्हर्जिनियाच्या रस्त्यांचं गाणं सुरू करतो. कडवी निम्म्यांना येत नाहीत, ध्रुवपद सगळ्यांना येतं. आपल्याकडच्या बहुतेकांची कंट्री या अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताशी ओळख इथे होते आणि बऱ्याचदा इथेच थांबते. आपल्या लेखी कंट्री म्हणजे जॉन डेन्व्हर.

कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये मात्र यावर एकमत नव्हतं. १९७५ साली कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात वर्षाच्या सर्वोच्च पुरस्काराचं नाव जाहीर करायला आदल्या वर्षीचा विजेता चार्ली रिच मंचावर आला. त्याने पाकीट उघडलं, आतला कागद वाचला, लायटर काढला आणि कागद पेटवून दिला. नाव होतं जॉन डेन्व्हर. रिच त्या रात्री किती शुद्धीत होता, ती थट्टा होती की निषेध, यावर अजून वाद चालतो. पण पाहणाऱ्यांनी तो निषेधच मानला, यात नवल नाही. वर्षभर आधी ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेला पुरस्कार मिळाला, तेव्हा चिडलेल्या जुन्या कलावंतांनी वेगळी संघटनाच काढली होती. कंट्री बाटतंय, ही तक्रार तेव्हाचीच.

कंट्री आणि हिप-हॉप यांच्या मिश्रणावर गेली काही वर्षं अमेरिकेत जे रणकंदन चाललंय, ते ऐकताना वाटतं की एका स्वच्छ विहिरीत कुणीतरी बाहेरची घागर बुडवली. मला तो सगळा वाद सोवळ्या-ओवळ्याचा वाटतो. हा शब्द मी विचार करून वापरतोय. सोवळ्याचा एक विशेष आपल्याला चांगला ठाऊक आहे: काय शिवलं यापेक्षा कोणी शिवलं, यावर विटाळ ठरतो. कंट्रीतही तसंच झालेलं दिसतं.

२०१९ चं प्रकरण घ्या. अटलांटाजवळचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा, कॉलेज सोडलेलं, बहिणीच्या घरी मुक्काम. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या पोराने बनवलेला एक बीट, म्हणजे गाण्याखालचा तयार ठेका, त्याने इंटरनेटवरून तीस डॉलरला विकत घेतला. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या २००८ च्या एका वाद्यसंगीताच्या तुकड्यातली बँजोसारखी वाजणारी तार होती. त्यावर मुलाने घोडा, हॅट, बूट, ट्रॅक्टर आणि दूर निघून जाण्याची भाषा बसवली. ‘ओल्ड टाउन रोड’ हे त्याचं गाणं, लिल नॅस एक्स हे त्याचं नाव. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. मार्च २०१९ मध्ये ते बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत आलं आणि लगेच काढूनही टाकलं गेलं. कारण असं दिलं गेलं की आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत. एप्रिलमध्ये बिली रे सायरस या जुन्याजाणत्या कंट्री गायकाला सोबत घेऊन त्याची नवी आवृत्ती आली. तीही कंट्री यादीत परत घेतली गेली नाही. सर्वसाधारण यादीत मात्र ते गाणं सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. त्याआधीचा विक्रम १६ आठवड्यांचा होता.

आता ‘पुरेसे घटक’ या शब्दांपाशी जरा थांबू. २०११ मध्ये जेसन आल्डीन या गोऱ्या गायकाचं ‘डर्ट रोड अँथम’ कंट्री यादीत पहिलं आलं. त्याची कडवी चक्क रॅप आहेत, ती लिहिण्यात कोल्ट फोर्ड या कंट्री रॅपरचा हात आहे. २०१३ मध्ये फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या गोऱ्या जोडीचं ‘क्रूझ’ रॅपर नेलीला घेऊन पुन्हा आलं आणि कंट्री यादीत एकूण २४ आठवडे अग्रस्थानी राहिलं. २०१७ मध्ये याच जोडीने बीबी रेक्सा या पॉप गायिकेबरोबर गायलेलं ‘मेंट टू बी’ तर ५० आठवडे त्या जागी होतं. त्यात फिडल, म्हणजे कंट्रीतलं गावरान व्हायोलिन, शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. या गाण्यांवर नाकं मुरडली गेली, टीकाकारांनी त्या लाटेला ‘ब्रो-कंट्री’ असं नावही ठेवलं, पण यादीतून बाहेर काही कुणी काढलं नाही. घटक मोजायचा तराजू ज्या वर्षी बाहेर आला, त्या वर्षी समोर उभा होता एक कृष्णवर्णीय पोरगा.

बिलबोर्डचं म्हणणं होतं की निर्णयात वंशाचा संबंध नाही. बसलेल्या माणसांच्या मनात वाईट हेतू नसेलही. सोवळं पाळणाऱ्या आजीच्या मनात तरी कुठे वाईट हेतू असतो? ती फक्त तिला शिकवलेलं करत असते. प्रश्न शिकवलं कोणी हा आहे, आणि त्याचं उत्तर रेकॉर्डच्या दुकानात सापडतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेकडचं संगीत विकायला घेतलं तेव्हा दोन कप्पे केले. कृष्णवर्णीयांना विकायच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्‌स’, गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकाला विकायच्या त्या ‘हिलबिली’. दोन्ही कप्पे भरण्यात राल्फ पीअर हाच माणूस होता, आणि कंपनीही एकच, ओके नावाची. गावात मात्र असे कप्पे नव्हते. बँजो हे वाद्यच मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून अमेरिकेत घडलं. कृष्णवर्णीयांचे फिडल-बँजोचे ताफे दक्षिणेत जागोजाग होते, गोऱ्यांच्या नाचालाही तेच वाजवत. पण ध्वनिमुद्रणाला आलेल्या कृष्णवर्णीय वादकाकडून कंपनीला ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं म्हणून खपणारं गाणं, हवं असे. त्याच्या फिडलच्या चाली फारशा मुद्रितच झाल्या नाहीत, आणि पुढे म्हणायला सगळे मोकळे झाले की फिडल गोऱ्यांचं.

कार्टर कुटुंबाला कंट्रीचं पहिलं घराणं म्हणतात. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरात हिंडायचे तेव्हा चाली लक्षात ठेवायला त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. हँक विल्यम्स या कंट्रीच्या दिग्गजाला गाणं शिकवणारा रूफस पेन, ज्याला लोक ‘टी-टॉट’ म्हणत, अलाबामातला कृष्णवर्णीय रस्त्यावरचा गायक. जिमी रॉजर्सला कंट्रीचा जनक मानतात, त्याच्या १९३० च्या एका ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट वाजवलाय लुई आर्मस्ट्राँगने. दुकानात कप्पे दोन, स्टुडिओत मात्र सगळे एका खोलीत.

आणि डीफोर्ड बेली. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कंट्रीच्या देवळाचं बारसं त्याच्या साक्षीने झालंय. १९२७ च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या रेडिओवर आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागला होता. त्यानंतर बेलीने माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीची हुबेहूब नक्कल वाजवली. निवेदक जॉर्ज हे म्हणाला, तासभर तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. कंट्रीच्या त्या रेडिओ कार्यक्रमाला ते नाव चिकटलं, आजही तेच आहे. बेली तिथला पहिल्या फळीचा कलावंत, गावोगावच्या दौऱ्यांवर गर्दी खेचणारा. दौऱ्यात इतर कलावंत हॉटेलात उतरत, त्याला मात्र तिथे खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. गाण्यांच्या हक्कांवरून तेव्हा रेडिओवाल्यांचा वाद चालू होता, त्याची ठरलेली गाणी वाजवता येईनात. पण नवीन बसवायला इतरांना जशी सवड मिळाली तशी त्याला मिळाली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं या माणसाने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये तो गेला २००५ साली, मरणानंतर तेवीस वर्षांनी.

हे सगळं सांगून मी असं सुचवत नाही की कंट्री मुळात कृष्णवर्णीयांचं आणि बाकीच्यांनी ते चोरलं. तो उलटा कप्पा झाला. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेले पोवाडेवजा बॅलड, चर्चमधली भजनं, हवाईहून आलेली सरकती गिटार, स्वित्झर्लंडी वळणाचं योडेल, असं सगळं त्या हंड्यात शिजलंय. म्हणणं इतकंच की हिप-हॉप आणि कंट्री एकमेकांना भेटतात तेव्हा दोन परके भेटत नाहीत. फाळणीत वेगळे पडलेले चुलतभाऊ भेटतात.

नुसतं रक्ताचं नातं नाही, बोलण्याची ढबही सारखी आहे. रॅपचा जीव म्हणजे ठेक्यावर केलेलं बोलणं. कंट्रीत ही गोष्ट फार जुनी. दक्षिण कॅरोलायनाच्या क्रिस बुशिलॉनने १९२६ मध्येच ‘टॉकिंग ब्लूज’ मुद्रित केलं, गिटारीवर नुसतं तिरकस बोलत. जॉनी कॅशने १९६९ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांपुढे एका मुलीचं नाव मिरवणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली, ती गायलेली नाहीच, बोललेली आहे. चार्ली डॅनियल्सने सैतान आणि फिडलवाल्या पोराच्या पैजेची गोष्ट रेडिओवर धडाधडा सांगितली ते साल १९७९. त्याच साली न्यूयॉर्ककडून पहिलं मोठं गाजलेलं रॅप गाणं आलं. ज्यांनी शाहिराला डफावर चाल सोडून मधेच गद्यात शिरताना ऐकलंय, किंवा अमृतरायांचा कटाव एका दमात म्हणून पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गोष्ट लांबलचक असली आणि श्वास आखूड असला की गाणारा बोलायला लागतोच.

हिप-हॉपच्या बाजूनेही गाव कधी सुटलं नव्हतं. टेक्सासच्या पोर्ट आर्थरमधला रॅपर पिंप सी आपल्या संगीताला ‘कंट्री रॅप ट्यून्स’ म्हणायचा. केंटकीच्या नॅपी रूट्स या रॅप गटाने २००२ मध्ये शेतवाडीचा, कोंबडी-कलिंगडाचा अल्बम काढला, आणि शहरी लोक ज्यावरून हिणवत तेच मिरवलं. जुन्या पश्चिमेतले बरेच काउबॉय कृष्णवर्णीय होते, दर चारांतला एक असावा असा अंदाज नेहमी दिला जातो. काउबॉय हॅट घातलेला रॅपर हा बहुरूप्याचा वेष नाही.

इथवर माझ्याशी सहमत असणारे पुढे जरा अडखळतील. कारण इतिहासाने दार उघडून दिलं म्हणून आत येणारं प्रत्येक गाणं चांगलं ठरत नाही. कंट्री-रॅप नावाने जे निघालं त्यातलं पुष्कळसं भिकार आहे. ठेका एट-ओ-एट या ड्रम-मशीनचा, हाय-हॅट झांजांची खडखड, आणि वर शब्दांची वाणसामानाची यादी: पिकअप ट्रक, मातीचा रस्ता, थंड बिअर, जीन्स कापून केलेली चड्डी घातलेली मुलगी, चांदणं. एका गीतकाराने काही वर्षांपूर्वी अशी सहा हिट गाणी एकावर एक ठेवून वाजवून दाखवली. सहाही एकाच गाण्यासारखी चालली, कुठे सांधा दिसेना. यात हिप-हॉपचा दोष नाही. हिप-हॉपचा ठेका तेवढा उचलला, त्याची लेखणी उचललीच नाही. एकाच गावातल्या एका माणसाचं नेमकं नाव, नेमकी गल्ली, नेमकी उधारी सांगायची रॅपची जी सवय, ती कंट्रीच्याही उत्तम गाण्यांची सवय होती. दोघांनी तीच टाकून दिली आणि उरलेल्या चोथ्याचं लग्न लावलं.

सद्‌हेतूने बिघडलेलं गाणंही आहे. २०१३ मध्ये ब्रॅड पेज्ली या गोऱ्या कंट्री गायकाने रॅपर एलएल कूल जे याला घेऊन ‘ॲक्सिडेंटल रेसिस्ट’ केलं. कॉफीच्या दुकानात गेलेल्या गोऱ्या माणसाच्या टी-शर्टवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा बंडखोर झेंडा आहे आणि समोर कृष्णवर्णीय कामगार आहे. प्रसंग जबरदस्त आहे, एखाद्या कथाकाराला द्यावा असा. पण गाण्यात त्या दोघांमध्ये काहीच घडत नाही. पेज्ली आपली पंचाईत समजावून सांगतो, मग रॅपरचं कडवं येतं आणि त्यात चक्क सौदा होतो: तू माझ्या सोन्याच्या साखळ्यांकडे दुर्लक्ष कर, मी त्या लोखंडी साखळ्या विसरतो. दोन्ही शैली शेजारी शेजारी बसतात, एकमेकींकडे बघत नाहीत. सर्वधर्मसमभावाच्या सरकारी पोस्टरसारखं. बऱ्याच लोकांनी या गाण्याला राजकारणासाठी झोडपलं. मला त्याचं लेखनच आधी कच्चं वाटतं, राजकारण त्याच कच्चेपणातून आलंय.

याउलट ‘ओल्ड टाउन रोड’ची सायरसवाली आवृत्ती पुन्हा ऐका. कृष्णवर्णीय रॅपर घोडा आणि बूट गातो. पन्नाशी उलटलेला गोरा कंट्री गायक गातो ते महागडी स्पोर्ट्स कार, ब्रँडेड कपडे आणि नवीन गिटारवर उधळलेले पैसे, म्हणजे अस्सल रॅपरचा मजकूर. दोघांनी एकमेकांचे कपडे घातलेत आणि दोघांनाही ते बसतात. सायरस ज्या रस्त्यावर गाडी पळवतो तो बेव्हर्ली हिल्सचा रोडिओ ड्राइव्ह, आणि रोडिओ म्हणजे घोड्या-बैलांचा खेळही. एका शब्दात दोन्ही जगं बसवली. ही काही महान कविता नव्हे, पण कारागिरी आहे, आणि ती यादी करणाऱ्यांच्या तराजूत दिसली नाही.

शबूझीचं ‘अ बार साँग’ त्याहून पक्कं. हा व्हर्जिनियात नायजेरियन आईबापांच्या पोटी जन्मलेला गायक. २००४ मध्ये जे-क्वॉनचं एक क्लबमधलं गाणं गाजलं होतं, त्यातलं एक-दोन-तीन-चार असं झिंगलेलं मोजणं शबूझीने २०२४ मध्ये उचललं. मूळ गाण्यात ते पार्टीत माजलेल्या पोरांचं होतं. इथे ते नोकरीने पिचलेल्या माणसाच्या तोंडी आहे. बाईला महागडी पर्स हवी आहे, पेट्रोल आणि किराणा परवडत नाही, राबून हाती काही लागत नाही, म्हणून तो बारमध्ये आलाय आणि मोजतोय. बिलं मोजणारा माणूस पेले मोजू लागतो. रॅपची ओळ आणि कंट्रीचा दुखरा कामगार इथे एकमेकांवाचून उभेच राहू शकत नाहीत. माझी कसोटी असेल तर हीच: एक शैली काढून घेतली तर दुसरी कोसळते का? ‘क्रूझ’मधून नेली काढला तर गाण्याला काही होत नाही, तो नसतानाच ते पहिल्यांदा गाजलं होतं. ‘बार साँग’मधून ते मोजणं काढून बघा. ते गाणंही सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं, ‘ओल्ड टाउन रोड’च्या बरोबरीने, आणि फरक असा की कंट्री रेडिओनेही ते वाजवलं, तिथेही ते पहिलं आलं.

शुद्धतावाद्यांचं एक म्हणणं मला पटतं. ड्रम-मशीनच्या गडगडाटात पेडल स्टील गिटारचं ते लांब रडणं हरवतंय, गोष्ट सांगणारं गाणं कमी होतंय, हे खरं. पण त्याचा आळ रॅपवर का? १९५० च्या दशकाच्या अखेरीला नॅशव्हिलच्याच निर्मात्यांनी फिडल बाजूला सारून व्हायोलिनचे ताफे आणि गोड कोरस आणले, कारण शहरी गिऱ्हाईक हवं होतं. ऑप्रीच्या मंचावर एकेकाळी ड्रमलाच मज्जाव होता. ज्याचा विटाळ होता ते वाद्य आज कंट्रीच्या प्रत्येक बँडमध्ये आहे आणि ते ‘पारंपरिक’ मानलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो उलट दिशेने येतो. मिश्रणाचा फायदा कुणाला? रॅपची लय घेऊन गोरे गायक तारे झाले, रॅप करणारे मात्र पाहुण्यांच्या खुर्चीत. २०२१ मध्ये मॉर्गन वॉलन हा गोरा कंट्री गायक वंशद्वेषी शिवी देताना व्हिडिओत सापडला, रेडिओने त्याला काही काळ बंद केलं, अल्बम मात्र सलग दहा आठवडे पहिल्या जागी राहिला. त्याच वॉलनच्या गाण्यांत ट्रॅप या रॅपच्या प्रकाराचे ठेके आहेत, त्याच वर्षाअखेर तो एका रॅपरबरोबर गायला. या आक्षेपाला माझ्याकडे गोंडस उत्तर नाही. इतकंच म्हणेन की त्यावर इलाज मिश्रण थांबवणं हा नाही. थांबवलं तर दुकानदाराचे दोन कप्पे पुन्हा तसेच उभे राहतील, आणि कोणत्या कप्प्यात रेडिओ, पुरस्कार आणि दौऱ्यांचा पैसा जास्त पडतो हे शंभर वर्षं दिसलंय.

२०२४ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेचं ‘टेक्सस होल्ड ’एम’ कंट्री यादीत पहिलं आलं. त्या जागी पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. सुरुवातीचा बँजो रिअॅनन गिडन्सचा, जिने आयुष्य त्या वाद्याचा आफ्रिकन वारसा सांगण्यात घालवलंय. ओक्लाहोमातल्या एका कंट्री स्टेशनने श्रोत्याला आधी कळवलं की आम्ही बियॉन्से वाजवत नाही, आम्ही कंट्री स्टेशन आहोत. ओरड झाल्यावर वाजवलं. तिच्या अल्बमवर लिंडा मार्टेल येते, १९६९ मध्ये ऑप्रीवर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि संगीताच्या या वर्गवाऱ्यांची हलकेच फिरकी घेते. त्याच रॅपच्या गाण्यात पुढे शबूझी आहे. त्या वर्षीच्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या नामांकनांत या अल्बमचं नाव कुठेच नव्हतं. शबूझीला नामांकनं होती, पुरस्कार मिळाला नाही. त्याच्या नावावरून मंचावर कोट्या तेवढ्या झाल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने बियॉन्सेच्या अल्बमला सर्वोत्तम कंट्री अल्बमचा मान दिला. जूनमध्ये त्याच ग्रॅमीवाल्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून कंट्री अल्बमचे पुरस्कार दोन: एक ‘समकालीन’, एक ‘पारंपरिक’. प्रस्ताव आधीपासून होता, असं ते म्हणतात. असेलही. मला उत्सुकता वेगळीच आहे. डीफोर्ड बेली आज माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवत आला, तर त्याला कोणत्या कप्प्यात बसवतील?